फणी केव्हां बदलावी?

कन्हानेच्या कांठचें खापा हें जुन्या विणकरांचें गांव. येथील आमच्या घरीं २०२४ च्या जानेवारींत, संक्रांतीच्या ऐन तोंडावर, एक वाद माजला. पुतण्यानें एका कापड-दुकानदारास संकेतस्थळ बांधून दिलें आहे. त्याचा सांगाडा ‘जँगो’ नांवाच्या आयत्या चौकटीच्या ३.२ ह्या आवृत्तीचा. तींतील छिद्रें बुजविण्याचें काम तिचे कर्ते एप्रिलांत थांबविणार होते. तिची जागा घेणारी ४.२ मागील एप्रिलांतच निघाली होती.

दादा म्हणाले, “अरे, चालतें आहे तें कशाला मोडतोस?”

पुतण्या म्हणाला, “बाबा, आज रात्रींच बदलून टाकतों.”

मला दोघांचेंही अर्धेंच पटलें. दादांना मीं अमेरिकेंतील इक्विफॅक्स कंपनीची हकीकत सांगितली. ‘स्ट्रट्स’ ह्या अशाच चौकटीची दुरुस्ती मार्च २०१७ मध्यें निघाली होती. ती सर्वत्र बसविली गेली नाहीं. मे महिन्यांत चोर त्याच छिद्रांतून शिरले, आणि सुमारें १४ कोटि ७० लक्ष लोकांची खाजगी माहिती गेली. तेथेंही ‘चालतच’ होतें! आमच्या दुकानदाराकडील गिऱ्हाइकांचे पत्ते ही तर परक्याची ठेव.

पुतण्यास म्हटलें, “फणीचा दांत मोडला तर विणकर माग तेथेंच थांबवितो, नाहीं तर कापडावर रेघ उमटत जाते. पण नवी फणी घालावयाची तर चढलेला ताणा विणून उतरूं देतो.”

त्याच न्यायानें ठरलें: सुरक्षिततेची दुरुस्ती आली कीं लागलीच बसवावी, मोठी आवृत्ति मात्र हंगाम ओसरल्यावर, पण मुदतीच्या आंत चढवावी. तोंवर पुतण्यानें स्थळाची नक्कल करून तीवर ४.२ चढविली. पाहतो तों मागणीपत्र धाडतांच नकार! पत्र कोठून आलें हें ४.० पासून अधिक कडकपणें तपासलें जातें, व विश्वासाचे पत्ते ‘एचटीटीपीएस’ ह्या उपसर्गासह नोंदवावे लागतात. आमची नोंद अपुरी होती. हेंच संक्रांतीच्या आदल्या रात्रीं खऱ्या दुकानांत घडतें, तर बिचाऱ्याचा हंगामच बुडता.

फेब्रुवारींत बदल झाला. गिऱ्हाइकांना कांहीं कळलेंही नाहीं. जँगोच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या दर दोन वर्षांनीं निघतात व सुमारें तीन वर्षें सांभाळल्या जातात. म्हणजे जुनी व नवी वर्षभर शेजारीं नांदतात. बदलाचा मुहूर्त त्या वर्षांतच शोधावा. पुढल्या खेपेची तारीख दादांनीं स्वतःच पंचांगाच्या मलपृष्ठावर टिपून ठेविली.