विश्लेषण : पाव सेकंदाचा जगज्जेता! डाउनहिल स्कीइंगमध्ये वेग आणि सुरक्षेचा ताळमेळ का बसत नाही?

ऑस्ट्रियातील सालबाख येथे झालेल्या जागतिक अल्पाइन स्कीइंग अजिंक्यपद स्पर्धेत रविवारी, ९ फेब्रुवारी २०२५ रोजी पुरुषांची डाउनहिल शर्यत झाली. स्वित्झर्लंडचा २३ वर्षीय फ्रान्यो फॉन आलमेन विजेता ठरला. या खेळाचे आकर्षण आणि त्यातला धोका एकाच गोष्टीत आहे, ती म्हणजे वेग. २०२४ मधील गंभीर अपघातांमुळे या वेगाला आवर कसा घालायचा, हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला.

शर्यतीत नेमके काय घडले?

फॉन आलमेनने १ मिनिट ४०.६८ सेकंदांत उतार पार केला. यजमान ऑस्ट्रियाचा विन्सेंट क्रीशमायर ०.२४ सेकंदाने मागे राहून दुसरा, तर स्वित्झर्लंडचाच अलेक्सी मोने ०.३१ सेकंदाने मागे राहून तिसरा आला. ताशी १०० किलोमीटर वेग गृहीत धरला, तर सुवर्ण आणि रौप्य यांतील अंतर सात मीटरपेक्षाही कमी भरते. रौप्य आणि कांस्य यांत तर जेमतेम दोन मीटर! २०२३चा विजेता मार्को ओडरमॅट पाचवा आला. याच ओडरमॅटने दोन दिवसांपूर्वी ‘सुपर-जी’ प्रकारात तब्बल एका सेकंदाच्या फरकाने सुवर्ण जिंकले होते. क्रीशमायरचे रौप्यही कमी महत्त्वाचे नाही. जानेवारीत वेंगेनच्या शर्यतीत पडून त्याचा पाय दुखावला होता. तीन आठवड्यांत तो घरच्या प्रेक्षकांसमोर पुन्हा उतारावर उभा राहिला.

डाउनहिल इतर प्रकारांपेक्षा वेगळे कसे?

अल्पाइन स्कीइंगमध्ये स्लालम, जायंट स्लालम, सुपर-जी आणि डाउनहिल असे मुख्य प्रकार आहेत. स्लालममध्ये जवळजवळ रोवलेल्या दांड्यांमधून झपाझप वळणे घ्यावी लागतात. डाउनहिलमध्ये वळणे कमी, उतार लांब आणि वेग सर्वाधिक. पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांत सुरुवात आणि शेवट यांच्या उंचीत साधारण ८०० ते ११०० मीटरचा फरक असतो. निकाल एकाच फेरीत लागतो. चूक झाली, तर भरून काढायला दुसरी फेरी नाही. म्हणूनच या प्रकारात शर्यतीआधी अधिकृत सराव फेरी सक्तीची आहे. सुपर-जीमध्ये ती नसते, तिथे फक्त मार्ग पाहून घेता येतो.

खेळाडू किती वेगाने उतरतात?

बहुतेक मार्गांवर ताशी १०० किलोमीटरचा टप्पा सहज ओलांडला जातो. फ्रान्सच्या योहान क्लारेने २०१३ मध्ये वेंगेन येथे ताशी १६१.९ किलोमीटर वेग नोंदवला होता. मार्गावर पाणी मुरवून बर्फ मुद्दाम टणक केला जातो. शेवटच्या खेळाडूलाही पहिल्यासारखाच मार्ग मिळावा, हा त्यामागचा हेतू. पण टणक बर्फावर स्कीची धार निसटली, की सावरायला वेळच मिळत नाही.

सुरक्षेचा प्रश्न आता ऐरणीवर का?

जानेवारी २०२४ मध्ये नॉर्वेचा आलेक्सांडर आमोट किल्डे वेंगेन येथे सुरक्षा जाळ्यांवर आदळला. त्याचा खांदा निखळला आणि स्कीच्या धारेने पोटरी खोलवर कापली गेली. २०२४-२५च्या हंगामात तो खेळूच शकला नाही. फ्रान्सच्या सिप्रियेन सारझांने जानेवारी २०२४ मध्ये कित्झब्युहेलच्या दोन्ही डाउनहिल शर्यती जिंकल्या होत्या. डिसेंबरमध्ये इटलीतील बोर्मिओ येथे सरावात तो पडला. मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाल्याने त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर तिथल्या मार्गाच्या तयारीवर खेळाडूंनी उघड टीका केली. २०२६च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या पुरुषांच्या डाउनहिल शर्यतीसाठी याच बोर्मिओची निवड झाली होती.

नवे नियम कोणते?

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने, म्हणजे ‘फिस’ने, २०२४-२५च्या हंगामापासून डाउनहिल आणि सुपर-जीमध्ये एअरबॅग सक्तीची केली. ही एअरबॅग शर्यतीच्या पोशाखाखाली जाकिटासारखी घालतात. तोल गेल्याचे संवेदकांना जाणवताच ती क्षणार्धात फुगते आणि पाठ, छाती व खांद्यांना आधार देते. धारदार स्कीपासून बचावासाठी सहज न कापले जाणारे आतले कपडेही आवश्यक केले आहेत. किल्डेसारखी जखम टाळण्याचा हा प्रयत्न आहे. मात्र एअरबॅगमुळे हालचालीत अडथळा येतो, अशी काहींची तक्रार होती आणि काही खेळाडूंना सूटही मिळाली. शिवाय एअरबॅग गुडघा वाचवू शकत नाही, आणि या खेळात गुडघ्याच्या दुखापती सर्वाधिक भेडसावतात.

एवढ्याने धोका टळेल?

पूर्णपणे नाही. मुख्य शर्यतीच्या मार्गावर जाळ्यांच्या रांगा, वैद्यकीय पथके आणि हेलिकॉप्टर सज्ज असतात. सरावाच्या प्रत्येक उतारावर मात्र एवढी व्यवस्था असतेच असे नाही. फ्रान्सच्या डेव्हिड पोआसाँचा नोव्हेंबर २०१७ मध्ये कॅनडात सरावादरम्यान मृत्यू झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये इटलीची १९ वर्षीय माटिल्डे लोरेन्झी सरावातच पडून दगावली. दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या शर्यतींचे नियम कडक होत असताना, खेळाडू जिथे जास्त दिवस घालवतात त्या सराव उतारांची जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट होणे गरजेचे आहे.

वेग कमी करणे हा दुसरा उपाय. पुरुषांसाठी डाउनहिल स्कीची लांबी किमान २१८ सेंटिमीटर आणि वळणाची त्रिज्या किमान ५० मीटर असावी, असा नियम आहेच. त्यापुढे जायचे, तर मार्गावर वळणे वाढवावी लागतील किंवा हवेला जास्त अडवणारे पोशाख सक्तीचे करावे लागतील. दोन्हींमुळे वेग घटेल, पण वळणे वाढली की गुडघ्यांवरचा ताणही वाढतो.

फॉन आलमेनच्या यशाचा अर्थ काय?

बर्न प्रांतातील बोल्टिगेनचा फॉन आलमेन सुतारकाम शिकलेला आहे. तो १७ वर्षांचा असताना वडिलांचे निधन झाले आणि पैशांअभावी कारकीर्द थांबण्याची वेळ आली. तेव्हा लोकवर्गणीतून त्याचा हंगाम पार पडला. हा खेळ किती खर्चिक आहे आणि गुणवत्ता वाटेतच कशी गळू शकते, हे त्यातून दिसते. सुरक्षेची साधनेही महाग आहेत. विश्वचषकात खेळणाऱ्यांना ती संघाकडून आणि पुरस्कर्त्यांकडून मिळू शकतात. एखाद्या छोट्या गावातील क्लबच्या १६ वर्षांच्या मुलाला ती कोण देणार? नव्या नियमांचा खरा कस तिथेच लागणार आहे.