उतरलेले वजन टिकवायचे कसे?



बैल बसून असला की आपण त्याची पेंड कमी करतो, नांगरटीला जुंपला की वाढवतो. हा हिशेब आपण स्वतःला मात्र लावत नाही. आता नांगरट ट्रॅक्टर करतो, मोटार मोबाइलवरून सुरू होते, बांधापर्यंत फटफटी जाते. कष्ट घटले, ताट तेवढेच राहिले. मग पोट सुटते, गुडघे धरतात, साखरेचा आजार मागे लागतो.

काहीजण मनावर घेऊन गोड-तळकट सोडतात. आठ-दहा किलो वजन उतरतेही. पण पुढे ते हळूहळू परत चढते. यात दोष केवळ मनाचा नाही. हलक्या शरीराला इंधन कमी लागते, भूक मात्र वाढते. नुसत्या उपासाने चरबीबरोबर स्नायूही झडतात.

अमेरिकेत १९९४ साली एक नोंदवही सुरू झाली. निदान १३.६ किलो वजन उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेल्यांची नावे तीत घेतात. त्यांतले बहुतेकजण रोज सुमारे तासभर व्यायाम करतात, आणि त्यात चालणारे सर्वांत जास्त. म्हणजे वजन उतरते ते मुख्यतः ताटामुळे. टिकते ते पायांमुळे.

“आम्ही शेतात राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?” असे कोणी विचारील. खुरपणी-काढणीत घाम गाळणाऱ्याला वेगळा व्यायाम नको, हे खरे. पण शेतीचे काम हंगामी. सुगी संपली की अंग बसते आणि वजन तेव्हाच चढते. म्हणून रिकाम्या दिवसांत पुढील गोष्टी कराव्यात :

१. रोज तासभर झपझप चालावे. सकाळी अर्धा, संध्याकाळी अर्धा तास चालेल. शेतावर पायीच जावे.

२. आठवड्यातून दोन दिवस झेपतील तेवढ्या बैठका माराव्यात किंवा वजन उचलावे. स्नायू टिकतात.

३. महिलांनी दोघी-तिघींनी मिळून चालावे. तेवढा वेळ चूल घरातल्या इतरांनी सांभाळावी.

४. दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करावे. दोन किलो वाढताच सावध व्हावे. तण दोन पानांवर असतानाच खुरपलेले बरे.

साखरेची औषधे घेणाऱ्यांनी, हृदयविकार वा गुडघेदुखी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मुळातच किरकोळ अंगाच्या माणसाने वजन उतरवण्याच्या फंदात पडू नये.

पीक आले म्हणून राखण सोडत नाही, तसेच वजन उतरले म्हणून चालणे सोडू नये.