बंदरं मोजू नका, बर्फासमोरचे तास मोजा

जालन्याला बियाण्यांनी आणि लोखंडाने पैसा दिला आणि पैशामागोमाग परदेशवारी आली. आधी कंपनीच्या खर्चाने डीलर मंडळी बँकॉकला जाऊन यायची. मग दुबई झालं, सिंगापूर झालं, युरोप झाला, मुलं अमेरिकेत स्थिरावली आणि आता गाडी अलास्काच्या क्रूझवर येऊन ठेपली आहे. ज्या जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, ज्या शहराने २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरची वाट पाहत दिवस काढले आणि जिथे बर्फ म्हटला की २०१४ ची गारपीट आठवते, तिथल्या माणसाला समुद्रात कोसळणारी हिमनदी डोळ्यांनी पाहावीशी वाटली तर त्यात गैर काहीच नाही. गैर आहे ती सहल निवडण्याची रीत. माणशी लाखांत जाणारा हा सौदा आपण जहाजाचा फोटो, बंदरांची संख्या आणि ‘जेवण आपलं मिळेल ना?’ एवढ्या तीन गोष्टींवर उरकतो. गांधी चमनला संध्याकाळी बसलेल्या कुठल्याही कट्ट्यावर या विषयातली पाच-सहा ठाम मतं ऐकायला मिळतात. ती एकेक करून तपासू.

पहिलं मत : ‘अलास्काची क्रूझ म्हटली की ग्लेशियर आलंच.’

आलंच असं नाही. जूनो, स्कॅगवे, केचिकन ही नेहमीची बंदरं. यांपैकी जूनोजवळ मेंडेनहॉल हिमनदी आहे. बसने जायचं आणि तळ्याच्या अलीकडच्या काठावरून ती पाहायची. एजंटाने कागदावर ‘ग्लेशियर’ लिहिलं आणि मेंडेनहॉल दाखवली, तर तो खोटं बोलला असं म्हणता येणार नाही. पण जी पाहायला आपण अर्धी पृथ्वी ओलांडून जातो, ती थेट समुद्रात उतरणारी हिमनदी, ती ही नव्हे.

समुद्रातून पाहायच्या प्रमुख जागा चार, आणि त्या एकमेकींच्या बदली चालत नाहीत. ग्लेशियर बे हे राष्ट्रीय उद्यान. तिथे दिवसाला जास्तीत जास्त दोन मोठी क्रूझ जहाजं सोडतात, आणि आत गेलेलं जहाज जवळजवळ अख्खा दिवस आत असतं. हबर्ड ही सुमारे १२२ किलोमीटर लांबीची हिमनदी. समुद्राला भिडणारं तिचं तोंडच दहाएक किलोमीटर रुंद आहे. मात्र पाण्यावर तरंगणारा बर्फ दाट असला की जहाजाला लांबूनच माघारी फिरावं लागतं. ट्रेसी आर्म आणि एंडिकॉट आर्म या अरुंद खाड्या. कडे अप्रतिम, पण मुक्काम काही तासांचा. मोठं जहाज शेवटच्या वळणापर्यंत पोहोचेलच असं नाही, म्हणून जहाजावरून वेगळे पैसे घेऊन छोट्या बोटीने पुढे नेतात. त्यातच १० ऑगस्ट २०२५ ला ट्रेसी आर्ममध्ये साउथ सॉयर हिमनदीजवळ डोंगराचा मोठा भाग कोसळला आणि पाणी प्रचंड उंच उसळलं. तेव्हा जुना कार्यक्रम दाखवून कोणी ट्रेसी आर्म विकत असेल, तर आजची स्थिती विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. चौथी जागा कॉलेज फ्योर्ड. १८९९ च्या हॅरिमन मोहिमेतल्या मंडळींनी तिथल्या हिमनद्यांना हार्वर्ड, येल अशी कॉलेजांची नावं देऊन टाकली. या चारही जागांना कागदावर ‘ग्लेशियर’ हा एकच शब्द पुरतो. फसगत सुरू होते ती इथे.

दुसरं मत : ‘जितकी बंदरं जास्त, तितके पैसे वसूल.’

दहा दिवसांत सात देश मोजत आलेल्या आपल्या सहलीच्या सवयीचं हे अपत्य. अलास्काच्या बंदरात उतरल्यावर काय असतं? दागिन्यांची दुकानं, टी-शर्ट, सामन मासा आणि परतीची वेळ चुकू नये म्हणून घड्याळाकडे लागलेले डोळे. स्कॅगवेची डोंगरातली रेल्वे पाहण्यासारखी आहे, नाही असं नाही. पण ग्लेशियर बेमध्ये बंदरच नसतं. त्या दिवशी कोणी जहाजावरून उतरत नाही, आणि बंदरं मोजणाऱ्याच्या हिशेबात तो दिवस शून्य धरला जातो.

त्या शून्य दिवसात काय घडतं ते पाहा. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन शिडीने जहाजावर चढतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती देतात. खाडीच्या तोंडापासून सुमारे शंभर किलोमीटर आत गेल्यावर मार्जरी हिमनदी समोर येते. ती दीड किलोमीटरहून थोडी रुंद आहे आणि पाण्यावर तिची भिंत वीस-पंचवीस मजल्यांची. जहाज थांबतं. पाण्याचा रंग दुधात माती कालवल्यासारखा, कारण हिमनदीने खडक दळून त्याची भुकटी सोबत आणलेली असते. दाबाने घट्ट झालेल्या बर्फात प्रकाशातला तांबडा भाग शोषला जातो, म्हणून भेगांच्या आत निळा रंग दिसतो. मग भिंतीचा एक तुकडा सुटतो. आधी तो नुसता पडताना दिसतो, क्षणभराने गडगडाट पोहोचतो आणि नंतर लाटेने जहाजाभोवतीचे बर्फाचे गोटे हलू लागतात. पायथ्याशी घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांवर लक्ष ठेवावं. खळबळलेल्या पाण्यात त्यांना खाणं मिळतं, म्हणून ते तिथे टपून असतात. हा तुकडा कधी पडेल हे कॅप्टन सांगू शकत नाही, रेंजर सांगू शकत नाही. म्हणून बर्फासमोर जितका वेळ जास्त, तितकी ते दिसण्याची शक्यता जास्त. माझ्या साऱ्या म्हणण्याचा पाया एवढाच आहे.

तिसरं मत : ‘सिॲटलहून निघून सिॲटललाच परतणारी फेरी घ्या. विमान स्वस्त, शिवाय कॅनडाचा व्हिसा वाचतो.’

विमानाचं बरोबर, व्हिसाचं साफ चूक. अमेरिकेत १८८६ चा एक कायदा आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाने अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन परदेशी बंदराला न शिवता पुन्हा अमेरिकेतच उतरवू नयेत, असा त्याचा मथितार्थ. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक बहामा, पनामा, बर्म्युडा अशा देशांच्या झेंड्याखाली चालतात. त्यामुळे सिॲटलची फेरी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबते, आणि ते थांबणं पुष्कळदा संध्याकाळचे काही तास एवढंच असतं. त्या काही तासांसाठीही भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो. म्हणजे दोन्ही व्हिसा काढायचेच आहेत. त्यासाठी मुंबईच्या खेपा आल्याच. ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याला वंदे भारत मिळाली आणि समृद्धी महामार्गही दाराशी आला, म्हणून त्या खेपा आता सुसह्य झाल्या इतकंच.

शिवाय सिॲटलची जहाजं साधारणपणे व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, खुल्या समुद्रातून वर जातात. बेटांच्या आडोशाने जाणारा शांत ‘इनसाइड पॅसेज’ व्हँकूव्हरहून निघणाऱ्याच्या वाट्याला अधिक येतो. समुद्र लागत असेल तर भाड्यातल्या फरकाआधी हा फरक पाहावा.

चौथं मत : ‘बाल्कनीची खोली नसेल तर जाऊच नये.’

हे मत खोली विकणाऱ्याच्या सोयीचं आहे. हिमनदीसमोर कॅप्टन जहाज जागच्या जागी सावकाश फिरवतो, म्हणजे दोन्ही बाजूंना दर्शन होतं. डावी बाजू की उजवी, हा वाद तिथेच मिटतो. वरचा डेक सर्वांना मोकळा असतो आणि तिथून दिसणारा पट्टा कुठल्याही बाल्कनीहून मोठा. गुडघे फार वेळ उभं राहू देत नाहीत अशा आईवडिलांसाठी बाल्कनी जरूर घ्यावी, तिथे ती चैन नाही. पण धडधाकट माणसाने बाल्कनीसाठी पैसे मोजायचे आणि तो भार सोसायला ग्लेशियर बेऐवजी स्वस्त मार्ग घ्यायचा, हा उफराटा व्यवहार झाला. खोली आतली घ्या, मार्ग उत्तम घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगलं जाकीट घ्या.

पाचवं मत : ‘आपला हिमालय सोडून तिकडे कशाला?’

यात तथ्य आहे, पण मांडणारे बहुधा रोहतांगला जाऊन आलेले असतात. रस्त्याकडेचा हिवाळी बर्फ आणि हिमनदी यांत फरक आहे. खरी हिमनदी पाहायची तर गंगोत्रीहून सुमारे अठरा किलोमीटर चालत गोमुख गाठावं लागतं. उंची चार हजार मीटरच्या घरात, परवाना लागतो आणि रोजची संख्या मर्यादित. नाहीतर झंस्करच्या वाटेवर पेन्सी ला खिंडीतून द्रांग-द्रुंग पाहावी, तीही विरळ हवेत. ज्याच्या छातीत आणि पायांत बळ आहे त्याने आधी गोमुखच करावं, असं मीही म्हणेन. पण समुद्रात कोसळणारी हिमनदी भारतात नाही, आणि सत्तरीच्या जोडप्याला समुद्रसपाटीवर, खुर्चीत बसून हिमनदी दाखवणारी सोय हिमालयात नाही. हिमालय आणि अलास्का एकमेकांची जागा घेत नाहीत.

सहावं मत सर्वांत वजनदार : ‘जहाजाचा धूर काढत वितळणारा बर्फ पाहायला जाणं हा ढोंगीपणा आहे.’

हा आरोप झटकून टाकता येत नाही. विमानही धूर सोडतं, जहाजही सोडतं, आणि अलास्कातला बर्फ तापत्या हवेने घटतो आहे हेही खरं. पण त्यावर ‘संपायच्या आत पाहून घ्या’ अशी जाहिरात करणारे आणि ‘जाऊच नका’ म्हणणारे, दोघेही हिमनदीची गोष्ट अर्धी सांगतात. १७९४ मध्ये दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेला ग्लेशियर बेच्या जागी जवळपास मुखापर्यंत आलेला बर्फच दिसला होता. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर गेला तोवर तो बराच आत सरकला होता, आणि १९१६ पर्यंत शंभरावर किलोमीटर. म्हणजे इथली मोठी माघार मोटारी आणि विमानांच्या आधीच सुरू झाली होती. उलट हबर्ड आजच्या काळातही पुढे सरकत आली आहे. १९८६ आणि २००२ मध्ये तिने रसेल फ्योर्डचं तोंडच काही काळ बंद केलं होतं. आणि अठराव्या शतकात पुढे आलेल्या बर्फाने ग्लेशियर बेमधल्या हूना त्लिंगित लोकांना गावं सोडायला लावली. ती आजही त्यांची मायभूमी आहे.

हे सारं जहाजावर रेंजरच्या तोंडून ऐकायला मिळतं, आणि ऐकणाऱ्याची समज ‘बर्फ वितळतोय’ या एका वाक्याच्या पुढे जाते. मी यावरून धुराला माफी देत नाही. निष्कर्ष एवढाच काढतो की जायचं तर एकदा, नीट जायचं. चुकीचा मार्ग निवडला म्हणून दोन वर्षांनी पुन्हा जाणं हा पैशाचा आणि धुराचा दुप्पट अपव्यय आहे. दिवसाला दोनच जहाजांची मर्यादा पाळणाऱ्या उद्यानाला पसंती देणं हेही त्याच विचारात बसतं.

खंडन झालं. आता मंडन.

माझी पहिली पसंती व्हँकूव्हर ते व्हिटियर किंवा स्यूअर्ड, अथवा उलट दिशेने, अशा सात रात्रींच्या एकेरी मार्गाला, ज्यात ग्लेशियर बे आहेच आणि त्यात हबर्ड किंवा कॉलेज फ्योर्डची भर पडते. फेरीतल्या जहाजाला परत यायचं असतं, म्हणून ग्लेशियर बेच्या जोडीला इतक्या उत्तरेला जाणं त्याला क्वचितच जमतं. याची किंमतही सांगून टाकतो : उत्तरेकडच्या टोकाला अँकरेजहून परतीचं विमान महाग पडतं आणि अलास्काच्या आखातात समुद्र उधळू शकतो. ज्यांना ते झेपणार नाही त्यांनी व्हँकूव्हरहून निघून तिथेच परतणारी, पण ग्लेशियर बे असलेली फेरी घ्यावी. ही दुसरी पसंती कमअस्सल नाही. ग्लेशियर बेच्या परवानग्यांचा मोठा वाटा प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका आणि नॉर्वेजियन यांच्याकडे आहे. रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी यांच्या जहाजांवर करमणूक भरपूर, पण त्यांचा रोख बहुधा हबर्ड किंवा एंडिकॉटकडे असतो. नातवंडं सोबत असतील तर ते कदाचित ठीकच. निवड डोळे उघडे ठेवून झाली म्हणजे पुरे.

हंगामाचंही तेच. मे आणि जूनमध्ये तिकडे पाऊस त्यातल्या त्यात कमी असतो, डोंगरांवर बर्फ टिकून असतो आणि शाळांना सुट्टी म्हणून मे डॉक्टर-प्राध्यापकांच्या घरांना सोयीचा. बियाण्यांच्या दुकानदाराला मात्र मे-जूनमध्ये गल्ला सोडणं अशक्य. खरिपाची विक्री आटोपून रब्बी सुरू होण्याआधीचा सप्टेंबर त्याच्या हाती असतो. त्याने हिरमुसू नये. ग्लेशियर बेमधल्या जॉन्स हॉपकिन्स खाडीत सीलच्या पिल्लांसाठी ३१ ऑगस्टपर्यंत क्रूझ जहाजांना मनाई असते. ती १ सप्टेंबरपासून उठते आणि बर्फाने वाट दिली तर जहाज तिथेही डोकावतं. बदल्यात पाऊस सोसावा लागतो. केचिकनला वर्षभरात जालन्याच्या पाचपटीच्या आसपास पाऊस पडतो हे ध्यानात ठेवून रेनकोट घ्यावा.

जेवणाचा प्रश्न विचारू नका असं मी म्हणत नाही. शाकाहारी आणि जैन जेवणाची नोंद आधी केली तर मोठ्या जहाजांवर सोय होते. पण तो प्रश्न दुसरा. हिमनदीसमोरची वेळ न छापलेली आयटिनररी म्हणजे मुहूर्त न छापलेली लग्नपत्रिका. म्हणून एजंटासमोर बसलात की आधी चार गोष्टी लेखी मागा : हिमनदीचं नाव, जहाज तिथे किती वाजता पोहोचणार आणि किती वाजता निघणार, बर्फामुळे जाता आलं नाही तर बदली काय, आणि तिथे जहाजावरूनच दिसणार की वेगळ्या बोटीचे पैसे पडणार. ज्याच्याकडे ही चार उत्तरं नाहीत, तो एजंट कितीही ओळखीचा, कितीही जवळचा असो, त्याच्याकडे ॲडव्हान्स भरू नका.