स्लीप स्टडीची रात्र आणि गोळ्यांचा गोंधळ

बोरघाटात चालकाला डुलकी लागली तर काय होते, हे लोणावळा-खंडाळ्यात कुणाला सांगावे लागत नाही. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडणे आणि दिवसा पेंग येणे अशी लक्षणे दिसली, की डॉक्टर ‘स्लीप स्टडी’ सुचवतात. मावळातील अनेकांना त्यासाठी पिंपरी-चिंचवड किंवा पुण्याला रात्रभर राहावे लागते. कामाचा खाडा होतो, पैसे जातात. पण तारीख देताना रोजच्या गोळ्यांचे काय करायचे, हे अनेकदा कुणी सांगतच नाही.

मग रुग्ण स्वतःच ठरवतो. कुणी रक्तदाबाची गोळी बंद करतो. कुणी रक्ततपासणीसारखे उपाशी येतो. इन्सुलिन घेऊन जेवले नाही, तर साखर धोकादायकरीत्या उतरते. कुणी नव्या जागी झोप लागावी म्हणून शेजाऱ्याची झोपेची गोळी घेतो.

या तपासणीत मेंदूच्या लहरी, श्वास, हृदयाचे ठोके आणि रक्तातील प्राणवायू नोंदतात. तासाला सरासरी किती वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो, ते मोजतात. प्रौढांमध्ये ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० वा त्याहून अधिक म्हणजे तीव्र आजार. झोपेच्या गोळ्या, दारू, सर्दीची काही औषधे आणि नैराश्यावरील गोळ्या झोपेचे चित्र बदलू शकतात. म्हणून त्या मनानेच थांबवणेही चूक. रोजची अल्प्राझोलम किंवा क्लोनाझेपाम एकाएकी सोडल्यास झोप उडते, क्वचित आकडीही येते.

नियम साधा आहे : डॉक्टरांनी बदल सांगितला नसेल, तर नेहमीची औषधे नेहमीच्या वेळी. आयुर्वेदिक गोळ्यांसह सगळी पाकिटे सोबत न्यावीत. त्या दिवशी दुपारी झोपू नये. दुपारनंतर चहा-कॉफी आणि दारू टाळावी. केस धुवावेत, तेल लावू नये. तारा चिकटत नाहीत. बोटांचे नेलपॉलिश काढावे.

हे सारे रुग्णाने ऐकीव माहितीवर करायचे नाही. तारखेच्या चिठ्ठीवरच ‘कोणती गोळी घ्यावी, कोणती नाही’ असा मराठी रकाना हवा आणि तो डॉक्टरांनी भरून द्यायला हवा. त्याला दोन मिनिटे लागतात. तो नसेल, तर रुग्णाने मागून घ्यावा. चुकीच्या अहवालावर निर्धास्त झालेला चालक पुन्हा घाटातच गाडी घालणार आहे.