बहिष्कृतांना एकटेपणा शिकवू नका

जगातल्या डॉक्टरांना नवा रोग सापडलाय. एकटेपणा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली अहवाल काढून सांगितलं की जगात दर सहा माणसांतला एक एकटेपणाने ग्रासलाय. ब्रिटनने २०१८ सालीच या रोगासाठी मंत्री नेमला, २०२१ साली जपानने. आपल्याकडचे पांढरपेशेही रविवारच्या पुरवणीत गळा काढू लागलेत. म्हणे, माणूस माणसाला पारखा झाला हो!

आत्ता झाला? दोस्तहो, हजारो वर्षं आपला वाडा शिवेबाहेर होता. पाणवठा वेगळा, मसणवटा वेगळा, सावलीचासुद्धा विटाळ. तेव्हा कुणी मंत्री नेमला नाही. उलट त्यालाच धर्म म्हणाले. ज्याने दार आतून लावून घेतलंय तो एकटा. ज्याच्या तोंडावर दार आपटलं जातं तो बहिष्कृत. दोघांना एकाच खाटेवर झोपवून एकच गोळी देऊ नका. फुले-आंबेडकरांच्या या महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, यावरून काय ते समजा.

बाबासाहेबांनी काय केलं? अंगावर फेकलेला शब्द उचलला आणि त्याचीच संघटना बांधली. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’. वाळीत टाकलेल्या माणसांनी एकमेकांना हाक मारली, तिथून आपला समाज सुरू झाला. तो कुणी आयता दिला नाही.

पण खोटं कशाला बोलू? आज आपणही सुटे सुटे पडत चाललोय.

मी गोदीत राबतो. आजाही गोदीतच होता. त्याच्या वक्ताला टोळी असायची. टोळीने गोणी उचलायची, एकाची पाठ धरली की दुसऱ्याने खांदा द्यायचा, कुणी मेला की वर्गणी काढून त्याच्या गावापर्यंत निरोप पोचवायचा. मग पेटी आली. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. टोळीने दिवसभर वाहायचा तो माल क्रेन एका झटक्यात उचलते. पेटीवर माझा राग नाही. ती आधी आली असती तर आज्याची कंबर शाबूत राहिली असती. पण पेटी आली तशी टोळी गेली, आणि टोळीच्या जागी ठेकेदार बसला.

या महिन्यात एका ठेकेदाराचं जाकीट, पुढच्या महिन्यात दुसऱ्याचं. शेजारी राबणाऱ्याचं नाव कळेस्तोवर त्याची पाळी बदलते. गेल्या पावसाळ्यात एकाचा पाय साखळीत सापडला. ठेकेदाराचा माणूस विचारत आला, “कुणाचा माणूस हा?” आम्ही सहा जण उभे होतो. त्याचं पूर्ण नाव एकालाही ठाऊक नव्हतं.

हा एकटेपणा हवेतून आलेला नाही. तो मुद्दाम बनवलेला माल आहे. एकमेकांची नावं ठाऊक नसलेली माणसं एका आवाजात मजुरी वाढवून मागत नाहीत, हे ठेकेदाराला डॉक्टरांपेक्षा चांगलं कळतं.

घराचंही तेच. बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर २० खोल्या, संडास सामाईक. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. झकास झालं. ज्याने डबा घेऊन रांगेत उभं राहून बालपण काढलं नाही, त्याने आम्हाला चाळसंस्कृतीची गाणी ऐकवू नयेत. घरात संडास असणं हा माणूसपणाचा हक्क आहे. पण चाळीतली दारं दिवसभर उघडी असायची. टॉवरमधलं दार लागलं की लागलंच.

आणि शेजार म्हणजे समाज असंही समजू नका. त्याच वरळीत ५ जानेवारी १९७४ ला पँथरच्या सभेनंतर दंगल उसळली. एकाच नळाचं पाणी पिणारे एकमेकांवर दगड घेऊन उठले. पाच दिवसांनी परळच्या मोर्चात वरून दगड पडला आणि भागवत जाधव गेला. भिंतीला भिंत होती, नळ एक होता, जात मात्र शाबूत होती. म्हणूनच ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी गावगाड्याच्या कौतुकाची पिसं काढली. जुना गाव परत आणा म्हणणाऱ्यांना विचारा, त्यात आमचा वाडा कुठं असेल?

मग आपल्याला काय हवंय? बंधुता. घटनेच्या उद्देशिकेत ती समता-स्वातंत्र्याच्या पंक्तीला बसवलीय, शोभेला नव्हे. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात वसतिगृहाबाहेर काढलेल्या पाच दलित पोरांनी आवारातच उघड्यावर बिऱ्हाड मांडलं. त्याला नाव दिलं वेलिवाडा. तेलुगूत गावाबाहेरची दलित वस्ती. रोहित वेमुला त्यांतलाच. १७ जानेवारीला तो गेला, आणि ती जागा देशभरच्या पोरांची झाली. तिथं येणाऱ्याला कुणी गाव विचारलं नाही. अन्याय एवढीच ओळख पुरली.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आपण लाखांनी जमतो. ७ डिसेंबरला कुठं असतो? मोबाईलवर. सकाळी शंभर जणांना जयभीम धाडतो आणि वरच्या मजल्यावर कोण आजारी आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. त्या जयभीमची भाकरी होत नाही की रक्ताची बाटली होत नाही.

म्हणून साधं काम सांगतो. आम्ही पाळीवर एक वही सुरू केलीय. नाव, गाव, रक्तगट, घरचा नंबर. ठेकेदार बदलला तरी वही बदलत नाही. त्यात बिहारचा भय्या आहे, भिवंडीचा मुसलमान आहे, चिपळूणचा बौद्ध आहे. टॉवरमध्ये राहायला गेलेल्यांनी तळमजल्यावर एक खोली भांडून घ्यावी. तिथं पोरांची अभ्यासिका चालवावी, म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखवावा. पार्सल घेऊन चाळीस मजले चढणाऱ्या पोराला आधी पाणी द्यावं, मग नाव विचारावं. त्यालाही वहीत घ्यावं.

मंत्री नेमून हे होणार नाही. मागच्या पानांवर अजून जागा आहे. तुमच्या पाळीवरच्या किती जणांची नावं तुम्हाला ठाऊक आहेत, ते आधी मोजा. मग भेटू.

जय भीम!