'निर्मिती' हा शब्द परत द्या

'रोजगारनिर्मिती' या सामासिक शब्दातील उत्तरपदाला आमचा आक्षेप आहे. साहित्य शिकवणाऱ्यांनी अर्थकारणात लुडबूड करू नये, असे कोणी म्हणेल; पण हा शब्द आमच्याच अंगणातला आहे, आणि सध्या तो फार स्वस्तात वापरला जातो.

अ‍ॅमेझॉन या अमेरिकी कंपनीचेच पाहा. जानेवारी २०२० मध्ये जेफ बेझोस दिल्लीत आले, एक अब्ज डॉलरची गुंतवणूक जाहीर झाली. यात उपकार कसले, असे वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनी सुनावले, आणि लगोलग २०२५ पर्यंत दहा लाख रोजगारांचे आश्वासन आले. डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा दहा लाखच, आता २०३० पर्यंत. या वेळी सोबत चार विशेषणे होती: प्रत्यक्ष, अप्रत्यक्ष, प्रेरित आणि हंगामी. विशेष्य एक, विशेषणे चार, आणि बेरीज मात्र सरसकट!

अशा बातम्यांवर छायाचित्र कोणाचे असते? संगणकापुढच्या अभियंत्याचे. हैदराबादला २०१९ मध्ये उघडलेले साडेनऊ एकरांचे, पंधरा हजार कर्मचाऱ्यांचे संकुल खरे आहे. तिथल्या मुलामुलींची बुद्धी आणि पगारही खरा. ते आम्ही नाकारत नाही. पण मानेसरचे गोदामही त्याच कंपनीचे. सहा ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी प्यायला वा स्वच्छतागृहात जाणार नाही, अशी शपथ तिथल्या कामगारांना घ्यायला लावल्याच्या बातमीची राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०२४ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. तो कामगार त्या छायाचित्रात नसतो, बेरजेत असतो.

आणि अभियंता तरी सुरक्षित कुठे आहे? जानेवारी २०२३ मध्ये जगभरातील अठरा हजारांहून अधिक जागा कमी करण्याची घोषणा झाली, तेव्हा दिलेल्या कारणांत अनिश्चित अर्थव्यवस्था होतीच. रोजगार 'निर्माण करते' ती कंपनी, आणि जागा मात्र आपोआप 'कमी होतात'. प्रयोग ओळखा, असा प्रश्न आम्ही पहिल्या वर्षाला घालतो.

आमचा एक एम.ए.चा विद्यार्थी दिवाळीत दीड महिना दुचाकीवरून पार्सले पोचवत होता. परतल्यावर त्याने हजेरीची सवलत मागितली, आम्ही दिली. पुढच्या घोषणेत कंपन्यांनी विशेषणागणिक वेगळा आकडा द्यावा: पगारपत्रकावर किती, कंत्राटावर किती, दीड महिन्यापुरते किती. तोवर वर्तमानपत्रांनी 'भरती' हा साधा शब्द वापरावा.