एकदाच करायची, तर कोणती?

शिर्डीत फुला-प्रसादाच्या दुकानांवर नाहीतर लॉजच्या कामावर असणाऱ्या बायकांना सुट्टी म्हणून नसते. गुरुवारी तर नाहीच नाही. त्यामुळे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा विषय निघाला की मला हमखास विचारलं जातं, "ताई, सारखं सारखं यायला नाही जमायचं. एकदाच करायची, तर कोणती तपासणी करू?"

मैत्रिणींनो, याचं उत्तर मराठवाड्यातल्या बायकांनीच जगाला दिलंय. धाराशिव जिल्ह्यात (तेव्हाचं उस्मानाबाद) १९९९ मध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था त्यात होती. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. काही गावांत पॅप स्मिअर, म्हणजे पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. काही गावांत व्हीआयए, म्हणजे पातळ व्हिनेगर लावून मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का ते बघणं. (हो, चायनीजच्या गाडीवरचं व्हिनेगर, त्याचंच अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड!) तिसरी तपासणी एचपीव्ही विषाणूची. आणि चौथ्या गटाची तपासणीच केली नाही. यावर पुढे बरीच टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते.

प्रत्येकीची तपासणी एकदाच झाली. आठ वर्षांनी हिशेब मांडला. तपासणी न झालेल्या सुमारे साडेएकतीस हजार बायकांत या कॅन्सरने ६४ जणी गेल्या. एचपीव्ही गटात बायका चौतीस हजारांवर, मृत्यू ३४. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मृत्यू म्हणावे तसे घटले नाहीत. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा एकदाच करायची असेल, तर एचपीव्ही.

मग शिबिरातली व्हिनेगरची तपासणी फुकाची का? मुळीच नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्याच डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून तीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली. करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, चार आठवडे शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. बारा वर्षांत मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे व्हीआयए परत परत करावी लागते. सरकारच्या २०१६ च्या सूचनांत ३० ते ६५ वयाला दर पाच वर्षांनी व्हीआयए सांगितली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०२१ मध्ये तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्हीलाच पसंती दिली. ज्या मातीतून हा पुरावा निघाला, तिथल्या बाईला ती तपासणी आशाताईच्या हाकेसरशी मिळायला नको का? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिशी ते पन्नाशीतल्या शंभरात जेमतेम दोघींनी कधी तरी कुठली तरी तपासणी केलेली होती.

शिवाय पाळी गेल्यावर ती जागा आत सरकते, तेव्हा व्हिनेगरने नीट दिसत नाही. पन्नाशीच्या काकूंनी हे सिस्टरला आवर्जून विचारावं. पॅप चांगलीच, पण काच वाचणारं जाणतं माणूस लागतं आणि रिपोर्टला थांबावं लागतं. तोवर बाई गावी निघून गेलेली असते.

एचपीव्ही 'पॉझिटिव्ह' आली म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. हा विषाणू संबंधातून येतो, आयुष्यात बहुतेकींना कधी ना कधी होतो आणि बहुतेक वेळा वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. यात कुणाच्या चारित्र्याचा पंचनामा करू नये, स्वतःच्याही नाही. टिकून राहिला तर दुर्बिणीतून पाहून तेवढाच भाग गोठवतात, जाळतात किंवा काढतात.

पिशवी काढायची घाई मात्र नको. ऊसतोडीला आपल्याकडे येणाऱ्या बीडच्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेलं, ते आठवत असेलच. कॅन्सरची भीती तिथेही दाखवली गेली होती. कुणी तसं म्हणालं तर कागद मागा, कुठली तपासणी केली ते विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

आणि संबंधानंतर रक्त दिसलं, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर गेलं, तर शिबिराची वाट बघू नका. त्याच आठवड्यात दवाखाना गाठा, मग गुरुवार असला तरी.